पाचव्या तासाचा थकवा: मल्टिपल स्क्लेरोसिस असलेल्या एका शिक्षिकेचं प्रकरण

बाई गणित शिकवतात. पहिल्या भेटीत त्यांनी मला फोनमधले दोन फोटो दाखवले. दोन्ही फळ्याचे, एकाच दिवसाचे. पहिल्या तासाच्या ओळी आखल्यासारख्या सरळ होत्या. पाचव्या तासाच्या ओळी उजवीकडे खाली उतरत गेल्या होत्या, एका ठिकाणी ७ चा १ झाला होता, हातचा घ्यायचा राहिला होता.

"मुलांनी चूक काढली तर मला वाईट वाटत नाही, मॅडम. पण हल्ली ती काढतच नाहीत. गप्प बसतात. सांभाळून घेतात मला."

हे सांगताना त्यांचा आवाज पहिल्यांदा हलला. त्याआधी पाच वर्षांचा आजार त्यांनी अगदी सपाट आवाजात, तारीखवार सांगितला होता.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजारामुळे अडलेली रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून मदत करते. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, हा मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार झालेली माणसं माझ्याकडे येतात ती बहुधा निदान होऊन, औषध सुरू होऊन, एमआरआय 'चांगला' येऊ लागल्यावर. आणि तरीही दिवस पार पडत नाही म्हणून. ओळख पटू नये यासाठी इथे एकाहून अधिक रुग्णांचे अनुभव एका व्यक्तीत गुंफले आहेत. विद्यार्थ्यांप्रमाणे मीही त्यांना बाईच म्हणते, तेच इथे ठेवलं आहे.

आधी काय घडलं होतं

बाई ३१ वर्षांच्या असताना डावा डोळा हलवला की दुखू लागला. दोन दिवसांत त्या डोळ्याला लाल रंग फिका, धुवट दिसायला लागला. दृष्टीच्या चेतातंतूला आलेली ही सूज. सलाईनमधून स्टिरॉइड दिलं गेलं आणि काही आठवड्यांत दृष्टी बरीचशी परतली. या स्टिरॉइडबद्दल एक गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे, म्हणून इथेच सांगते. ते सूज लवकर उतरवतं, पण अखेरीस दृष्टी किती परतणार यात त्याने फारसा फरक पडत नाही, असं १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसलं होतं.

दीड वर्षाने कमरेभोवती कोणी पट्टा आवळल्यासारखं वाटू लागलं. पाय बधिर झाले. मान खाली वाकवली की पाठीतून वीज उतरायची. एमआरआयमध्ये मेंदूत आणि मानेच्या मज्जारज्जूत डाग दिसले, काही जुने, काही नवे. निदान पक्कं झालं: झटके, म्हणजे लक्षणांचे नवे उद्रेक (फिट नव्हे), येतात आणि ओसरतात अशा प्रकारचा एमएस. सुमारे ८५ टक्के रुग्णांत आजाराची सुरुवात याच प्रकाराने होते. बायकांमध्ये तो पुरुषांपेक्षा दुप्पट-तिप्पट आढळतो आणि बहुतेकांना तो २० ते ४० या वयात गाठतो, म्हणजे नोकरी, संसार, मुलं हे सगळं नुकतं उभं राहत असताना.

आजाराची यंत्रणा थोडक्यात अशी. मेंदू आणि मज्जारज्जूतल्या चेतातंतूंवर मायलिन नावाचं वेष्टण असतं, विजेच्या तारेवरच्या आवरणासारखं. शरीराचीच प्रतिकारशक्ती या वेष्टणावर हल्ला करते. वेष्टण गेलं की तंतूतून जाणारा संदेश मंदावतो किंवा वाटेतच विरतो. काही वेष्टण पुन्हा तयार होतं, पण पहिल्याइतकं जाड नसतं. काही जागी तंतूच तुटतो. १८६८ साली पॅरिसमध्ये झाँ-मार्तें शार्को यांनी या आजाराचं सविस्तर वर्णन केलं तेव्हा त्यांनी वेष्टण गेलेल्या जागी मेंदूत दिसणाऱ्या कडक चकत्यांवरूनच त्याला नाव दिलं. झटके कमी करणारं पहिलं औषध, इंटरफेरॉन बीटा-१बी, अमेरिकेत मंजूर व्हायला १९९३ साल उजाडलं. आज अशी डझनाहून जास्त औषधं आहेत. पण यातलं कोणतंही औषध झालेली हानी भरून काढत नाही. ती नवे हल्ले अडवतात. जुन्या डागांसह रोजचा दिवस काढायचा असतो तो माणसालाच.

बाईंचं औषध चांगलं चाललं होतं. तीन वर्षांहून अधिक काळ झटका नाही, एमआरआयमध्ये नवा डाग नाही. न्यूरोलॉजिस्टच्या चिठ्ठीत इतकंच होतं: थकवा जास्त, उजवं पाऊल घासतं, नोकरीवर परिणाम, कृपया पाहावं. थायरॉईड, हिमोग्लोबिन, नैराश्याची चाचणी हे सगळं त्यांनी आधीच तपासलं होतं आणि त्यात काही निघालं नव्हतं.

बाईंचा प्रश्न मात्र वेगळा होता. दर काही दिवसांनी दुपारी डावा डोळा धुरकट व्हायचा, पाय जड व्हायचा, आणि घरात सगळ्यांच्या पोटात गोळा यायचा. झटका आला का? औषध निकामी झालं का? मागच्या वर्षी अशाच एका आठवड्यात घाबरून, घराजवळच्या एका दवाखान्यात तीन दिवस स्टिरॉइडही घेऊन झालं होतं. न्यूरोलॉजिस्टना ते नंतर कळलं. त्या वेळी लघवी कोणी तपासली नव्हती. या प्रकरणातली सगळ्यात मोठी गाठ तिथेच होती, आणि ती मलाही सहा आठवडे दिसली नाही.

पहिले सहा आठवडे

मी सुरुवात केली ती मापांपासून. थकवा मोजण्यासाठी ९ विधानांची एक प्रश्नावली वापरतात. प्रत्येकाला १ ते ७ गुण, सरासरी ४ च्या वर गेली की थकवा माणसाचं जगणं अडवतो आहे असं धरतात. बाईंची सरासरी ६.१ होती. २५ फूट, म्हणजे साधारण साडेसात मीटर, चालायला त्यांना सकाळी ६ सेकंद लागले आणि शाळा सुटल्यावर ९.५. एकच बाई, एकच पाय, एकच दिवस. ही दुसरी मोजणी मी मुद्दाम संध्याकाळी घेतली. तपासणीच्या वेळा बहुधा सकाळच्या असतात, आणि सकाळी पाहणाऱ्याला बाई ठणठणीत वाटतात.

एमएसमधला थकवा आणि दिवसभर राबल्यावर येणारा थकवा यांना मराठीत एकच शब्द आहे, याचं मला नेहमी वाईट वाटतं. बाईंनी त्याचं वर्णन असं केलं: "दमल्यावर माणूस बसतो. मला बसल्यावरही उभं राहिल्यासारखं वाटतं." संदेश पोचवायला मेंदूला जास्त खटपट करावी लागते, एकाच्या जागी दहा वाटा वापराव्या लागतात, आणि त्याची किंमत दुपारपर्यंत वसूल होते. शरीराचं तापमान दिवसभर हळूहळू वाढत जाऊन दुपारनंतर सर्वांत जास्त असतं, तेही या थकव्यात भर घालतं.

तापमानाचा धागा आम्हाला लगेच सापडला. बाई सकाळी अंग शेकेल इतक्या गरम पाण्याने अंघोळ करत, कारण त्याने पायांचा ताठरपणा सैलावतो असं त्यांना वाटे. मग घाईने आवरून शाळेचा जिना चढत. १८९० साली विल्हेल्म उटहॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञांनी नोंदवलं होतं की या रुग्णांची दृष्टी श्रमानंतर काही वेळ मंद होते. पुढे लक्षात आलं की खरं कारण उष्णता आहे. वेष्टण गेलेल्या तंतूतून संदेश आधीच कसाबसा पुढे सरकत असतो. अंग अर्ध्या अंशाने तापलं तरी तो अडू शकतो. एमआरआय नव्हता त्या काळात तर रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणं वाढतात का हे पाहून निदानाला आधार शोधत असत. अंग निवलं की लक्षण उतरतं आणि मागे नवी इजा राहत नाही. हे वाक्य मी बाईंना तीन भेटींत तीनदा सांगितलं, कारण भीती एकदा ऐकून जात नाही.

अंघोळीचं पाणी कोमट झालं. वर्गात पंख्याखाली उंच खुर्ची आली. फळ्यावरची उदाहरणं आधी कार्डांवर लिहून न्यायची ठरलं, म्हणजे दुपारी एकाच वेळी विचार करणं, लिहिणं आणि वर्गावर नजर ठेवणं ही तीन कामं डोक्यावर पडणार नाहीत. एमएसमध्ये सहसा बुद्धी जात नाही. माहिती पकडून तिच्यावर काम करण्याचा वेग कमी होऊ शकतो. गणिताच्या शिक्षिकेसाठी हा फरक जीवाभावाचा असतो, आणि तो कोणी नीट समजावून सांगेपर्यंत बाई मनात काय काय धरून बसल्या होत्या ते त्यांनी मला खूप नंतर सांगितलं.

बाईंनी मुख्याध्यापकांना एक पानी पत्र लिहिलं. त्याचा मसुदा आम्ही दोघींनी मिळून केला. आजाराचा इतिहास त्यात नव्हता. तीन मागण्या होत्या: अवघड वर्ग पहिल्या दोन तासांत, चौथा तास मोकळा, सगळे तास तळमजल्यावर. तळमजला सोडून बाकीचं मिळालं.

रोजनिशीही सुरू झाली. कोणत्या तासाला काय केलं, शक्ती किती उरली. त्यात झोपेचा रकाना होता. बाई रोज त्यात लिहीत: ७ तास.

सहा आठवड्यांनी थकव्याची सरासरी ५.६ झाली. शाळेनंतरचं चालणं ९ सेकंदांवर आलं. मी समाधानी होते. आता विचार केला की वाटतं, तेव्हाच थांबून विचारायला हवं होतं की इतकं सगळं बदलून इतकंच का.

"आईच्या खोलीतला दिवा"

त्या भेटीला बाईंची ११ वर्षांची मुलगी सोबत होती. मी रोजनिशी चाळत असताना ती सहज म्हणाली, "रात्री आईच्या खोलीतला दिवा सारखा लागतो. मला कळतं."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि मग खाली पाहिलं.

मुलीला बाहेर चित्रं काढायला बसवलं. यजमान त्या दिवशी आले नव्हते, आणि आज मला वाटतं ते बरंच झालं. मी सरळ विचारलं: रात्री लघवीला किती वेळा उठता? चार. कधी पाच. दिवसा? मोजलं नाही. घाई होते? होते. पोचेपर्यंत थांबते? प्रत्येक वेळी नाही. शाळेत काय करता? "शाळेत पाणी पीत नाही." सकाळी निघताना अर्धा पेला, मग घरी येईपर्यंत काही नाही. कोणाला सांगितलंत? कोणालाच नाही. न्यूरोलॉजिस्टकडे यजमान नेहमी शेजारच्या खुर्चीत असत, आणि बाईंना ते त्यांच्यासमोर बोलायचं नव्हतं. 'झोप कशी आहे' असं मी विचारलं होतं तेव्हा त्या 'बरी आहे' म्हणाल्या होत्या. ७ तास म्हणजे दिवा मालवल्यापासून गजर होईपर्यंतचा वेळ.

ही चूक माझी आहे. मूत्राशयाचा त्रास एमएसमध्ये इतका सर्रास होतो की तो प्रश्न पहिल्या भेटीत, एकांतात आणि नेमक्या शब्दांत विचारायलाच हवा. 'काही त्रास?' असं विचारलं की उत्तर 'नाही' असंच येतं.

तीन दिवस बाईंनी मोजपात्र घेऊन नोंद केली. २४ तासांत १४ वेळा लघवी, त्यांपैकी रात्री ४ वेळा. प्रत्येक वेळी जेमतेम ६० ते ९० मिली. मी ती नोंद न्यूरोलॉजिस्टना पाठवली, त्यांनी युरोलॉजिस्टकडे धाडलं. लघवीच्या तपासणीत जंतुसंसर्ग निघाला. जळजळ नव्हती, ताप नव्हता. पायाचा वाढलेला ताठरपणा एवढीच त्याची खूण होती. आणि लघवी करून आल्यावर लगेच केलेल्या सोनोग्राफीत मूत्राशयात १९० मिली लघवी तशीच उरलेली दिसली.

हे कसं होतं ते समजून घेण्यासारखं आहे. मूत्राशय आवळणं आणि त्याच वेळी खालचा झडपेसारखा स्नायू सैल सोडणं या दोन कामांचा मेळ मेंदूच्या बुंध्यातलं केंद्र घालतं. तिथून निघालेला निरोप सबंध मज्जारज्जूतून थेट खालच्या टोकापर्यंत जातो. मानेच्या मज्जारज्जूत डाग असेल तर हा मेळ बिघडू शकतो. मूत्राशय आवळतं तेव्हाच झडपही आवळते. म्हणून घाई आणि तुंबणं ही उलट वाटणारी दोन दुखणी एकाच वेळी असू शकतात. घाई जाणवते, तुंबलेलं जाणवत नाही. अशा वेळी केवळ घाई शमवणारी गोळी दिली तर तुंबणं वाढू शकतं. आणि पाणी कमी प्यायलं की लघवी दाट होऊन मूत्राशयाला आणखी टोचते, जंतूंना जागा मिळते, शौचालाही घट्ट होतं.

मी कागदावर हे काढून दाखवत होते. बाईंनी माझ्या हातातून पेन घेतलं. "साधारण किती भरलं की कळ येते?" त्यांनी विचारलं. तपासणीत तो आकडा २६० मिलीच्या आसपास आला होता. त्यांनी लिहिलं: २६० वजा १९० बरोबर ७०. आणि शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे माझ्याकडे फक्त ७० मिलीची जागा आहे. मी उगाच पळत नव्हते."

मला वाटतं, बाई त्या दिवशी बऱ्या व्हायला लागल्या. उपचार सुरू व्हायचे होते अजून.

नळी

उपाय सांगायला सोपा आहे: स्वच्छ, बारीक नळी स्वतःच आत घालायची, मूत्राशय पूर्ण रिकामं करायचं, नळी काढून टाकायची. पाच मिनिटांचं काम. बाईंना ते मान्य व्हायला तीन आठवडे लागले, आणि त्या तीन आठवड्यांत कोणी त्यांच्यावर घाई केली नाही याबद्दल मी युरोलॉजीच्या परिचारिकेची मनापासून ऋणी आहे. 'नळी लागली' या शब्दांचा बाईंच्या मनातला अर्थ होता अंथरुणाला खिळलेला माणूस, पलंगाला लटकणारी पिशवी. परिचारिकेने त्यांना पिशवी नसलेली, पर्समध्ये मावणारी नळी हातात दिली आणि म्हणाली, "घरी न्या. नुसती ठेवा. वाटलं तर या." बाई आल्या. पहिल्या दिवशी आरशाच्या मदतीने चाळीस मिनिटं लागली, रडूही आलं. आठव्या दिवशी आरसा लागला नाही.

जंतुसंसर्गाचा उपचार आधी झाला. मग दिवसातून दोनदा नळी: सकाळी उठल्यावर आणि झोपण्याआधी. रात्र आता १९० पासून सुरू न होता शून्यापासून सुरू होऊ लागली. पाणी दिवसभरात दीड-दोन लिटर, थोडं थोडं, पण झोपेआधीचे तीन तास अगदी कमी. दुपारनंतर चहा-कॉफी बंद. उरलेल्या घाईसाठी गोळी लागली, पण ती निवडताना युरोलॉजिस्टने एक बारीक गोष्ट पाहिली. मूत्राशय शांत करणाऱ्या जुन्या गटातली काही औषधं स्मरण आणि विचारांचा वेग मंदावू शकतात. गणित शिकवणाऱ्या बाईला ते परवडणार नव्हतं, म्हणून दुसऱ्या गटातलं औषध दिलं.

महिन्याभरात रात्रीचं उठणं चारावरून एकावर आलं. पायांचा ताठरपणाही उतरला. भरलेलं मूत्राशय आणि त्यातला संसर्ग दोन्ही ताठरपणा वाढवतात, आणि बाई इतके दिवस तो गरम पाण्याने सोडवू पाहत होत्या. ताठरपणासाठीच्या बॅक्लोफेनचा रात्रीचा डोस कमी करता आला, तोही डॉक्टरांच्या सांगण्यावरून, पायरीपायरीने. हे औषध एकदम बंद केलं तर धोका असतो.

घर

यजमानांबद्दल थोडं लिहिलं पाहिजे. त्यांनी पहिल्या झटक्यानंतर घरातलं एकेक काम आपल्याकडे घेतलं होतं. कपडे, भांडी, सामान आणणं, मुलीचा अभ्यास. 'तू बस, मी करतो.' पाच वर्षांत बाईंकडे शाळा सोडून काही उरलं नव्हतं, आणि शाळेतून आल्यावर त्या बसून असत. प्रेमच होतं ते. पण न वापरलेले स्नायू ज्या वेगाने दुबळे होतात त्याला प्रेम थांबवत नाही.

एकेकाळी डॉक्टरच एमएसच्या रुग्णांना व्यायाम टाळायला सांगत, उष्णतेच्या भीतीने. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५ आठवडे नियमित एरोबिक व्यायाम केलेल्या रुग्णांची ताकद आणि जगण्याची प्रत सुधारलेली दिसली, आणि तेव्हापासून सल्ला बदलत गेला. बाईंनी पंख्यासमोर जागेवरची सायकल चालवायला सुरुवात केली, आठवड्यातून तीन सकाळी, १० मिनिटं. चार महिन्यांत ती २५ मिनिटांवर गेली. थकव्यावर गोळी नाही का, असं त्यांनी विचारलं होतं. या कामासाठी नेहमी दिल्या जाणाऱ्या तीन औषधांची १४१ रुग्णांवर तुलना झाली आणि २०२१ साली तिचे निष्कर्ष आले: तिघांपैकी एकही औषध बिनऔषधी गोळीहून सरस ठरलं नाही. हे सांगितल्यावर बाईंनी तो विषय सोडला.

मुलीचा अभ्यास त्यांनी परत आपल्याकडे घेतला. यजमानांना आधी ते पटेना. "तिची शक्ती वाचवायची ना?" बाई म्हणाल्या, "वाचवलेली शक्ती मी कुठे खर्चायची ते मला ठरवू द्या." कपडे-भांडी यजमानांकडेच राहिली, मुलगी आईकडे आली.

नळीचं त्यांना सांगायचं की नाही हा निर्णय मी पूर्णपणे बाईंवर सोडला. दीड महिन्याने त्यांनी सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग एवढंच विचारलं, "इतकी वर्षं?"

त्यानंतर कपाटाच्या दारावर एक कागद लागला. अचानक पाय जड झाला, डोळा धुरकटला, की घरातल्या कोणीही घाबरण्याआधी तो वाचायचा:

लघवीला वास, जळजळ, अंगात कणकण, ताप आहे का? किंवा पाय नेहमीपेक्षा जास्त ताठ? असेल तर आधी लघवी तपासायची.

आज उष्णता, श्रम किंवा जागरण झालं का? थंड जागी तासभर विसावल्यावर उतरतंय का?

२४ तास सलग टिकलंय का?

तिसऱ्याचं उत्तर 'हो' आणि पहिल्या दोन्हींचं 'नाही' असेल तर न्यूरोलॉजिस्टना फोन. झटक्याची व्याख्याच ही आहे: ताप किंवा संसर्ग नसताना २४ तासांहून जास्त टिकलेलं नवं किंवा वाढलेलं लक्षण. खाली लाल शाईत वेगळी ओळ होती. दृष्टी एकदम गेली, पायातलं बळ गेलं, लघवी अजिबात होईना, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं तर कागद वाचत बसायचं नाही, थेट रुग्णालय. एमएस असलेल्या माणसाला पक्षाघात होत नाही असं थोडंच आहे.

हा कागद लागण्याआधीच्या तीन महिन्यांत घरात सहा वेळा 'झटका आला' अशी धावपळ झाली होती. नंतरच्या पाच महिन्यांत कागद सात वेळा वाचला गेला. चार वेळा उष्णता किंवा जागरण निघालं, एकदा संसर्ग, आणि दोनदा तासाभराने काय झालं होतं तेच आठवेना.

सहा महिन्यांनी

थकव्याची सरासरी ६.१ वरून ४.३. शाळेनंतरचं चालणं ७ सेकंद, सकाळचं ५.८. सकाळचा आकडा फारसा हलला नाही आणि हलायला नकोच होता. दोन्ही वेळांतलं अंतर साडेतीन सेकंदांवरून १.२ सेकंदांवर आलं, मला त्याचा आनंद आहे. उजवं पाऊल लांब चाललं की अजूनही घासतं, त्यासाठी बुटात बसणारा हलका आधार दिला आहे. तो बाईंना आवडत नाही. शाळेच्या कार्यक्रमांना त्या तो घालत नाहीत, आणि मी त्यावर वाद घालत नाही. पाचवा तास वाईट जातो असे दिवस अजून येतात, महिन्यातून चार-पाच. त्या दिवशी मुलं फळ्यावर येतात आणि बाई खुर्चीतून शिकवतात. चुका मुलं करतात, बाई काढतात.

आठव्या महिन्यात एका सकाळी त्यांचा फोन आला. डाव्या हाताची बोटं तीन दिवसांपासून बधिर होती, बटण लावता येत नव्हतं. "लघवी तपासून घेतली, स्वच्छ आहे. ताप नाही. काल पूर्ण विश्रांती घेतली. कागद वाचून झाला, मॅडम. हे वेगळं आहे."

ते खरंच वेगळं होतं. एमआरआयमध्ये मानेच्या मज्जारज्जूत नवा डाग दिसला. या वेळी स्टिरॉइड योग्य कारणासाठी, योग्य जागी दिलं गेलं, आणि महिन्याभरात न्यूरोलॉजिस्टनी आधीचं औषध बदलून अधिक प्रभावी औषध सुरू केलं. बाई पाच आठवड्यांनी शाळेत परतल्या. हाताचा बधिरपणा बराच गेला, अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या टोकांशी उरला. खडू उजव्या हातात असतो, त्याचं अडलं नाही. अडलं ते नळीचं; तिथे डाव्या हाताची बोटं लागतात आणि त्यांना आता नेमकं काय हाताला लागतंय ते कळत नव्हतं. परिचारिकेने जास्त कडक, पकडायला मूठ असलेली नळी शोधून दिली. आरसा पुन्हा बाहेर निघाला. या वेळी तो तीन दिवस लागला.